निग्रहाची रंध्रे

बंगळूरच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर, ज्या मुलुखात एके काळी शहाजीराजांची जहागीर होती त्याच मुलुखात, देवनहळ्ळीचा किल्ला आहे. मल्लबैरे गौडाने १५०१ मध्ये तो प्रथम मातीचा बांधला. पुढे म्हैसूरच्या अंमलाखाली आल्यावर हैदर अलीने त्याला दगडी तट घातला. टिपू सुलतानाचा जन्म याच गावचा. आणि १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने तो सर केला. परक्याला मज्जाव व्हावा, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी व्हावी, अशा हेतूने जी वास्तू उभी राहिली तिच्या पोटात मात्र वेणुगोपालस्वामींचे मंदिर आहे. म्हणजे तटबंदीच्या आत ज्या देवाची प्रतिष्ठा झाली तो ठायी ठायी भोके पाडलेल्या पोकळ वेळूतून श्वास सोडणारा देव आहे. वेणूची भोके सगळी बुजवली तरी एकच स्वर निघतो आणि सगळी मोकळी सोडली तरी एकच. गाणे जन्माला येते ते कोणते भोक केव्हा आणि कितपत उघडायचे हे बोटांना उमगते तेव्हा. तट आणि वेणू यांचे हे सान्निध्य कोणी हेतुपुरस्सर योजले असेल असे नाही. पण धर्मविचारातला एक फार जुना प्रश्न त्याने डोळ्यांपुढे मूर्तिमंत उभा राहतो, आणि तो असा की, इंद्रियांच्या द्वारांचे माणसाने नेमके काय करावे?

आपल्या परंपरेने देहाला नवद्वारांचे पूर म्हटले आणि त्या पुराच्या बंदोबस्ताविषयी जितका खल केला तितका क्वचितच दुसऱ्या कशाविषयी केला असेल. विधात्याने ही द्वारे बाहेरच्या बाजूस उघडणारी केली, म्हणून माणूस बाहेर पाहतो आणि आत पाहत नाही, असे कठोपनिषदाचे निदान आहे. पतंजलींनी योगाच्या आठ अंगांत प्रत्याहाराला स्वतंत्र स्थान दिले. गीतेने स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना अवयव आत ओढून घेणाऱ्या कासवाचा दृष्टान्त दिला. या वचनांच्या आधाराने एक पक्ष असे मानीत आला की निग्रह म्हणजे दार लावून घेणे, आणि दार जितके घट्ट तितका निग्रह श्रेष्ठ. त्याच्या समोर उभा असलेला दुसरा पक्ष म्हणतो की, निसर्गाने जे उघडे ठेवले ते बुजवणारे आपण कोण. विकाराला मोकळी वाट द्यावी, तो आपोआप ओसरेल. आणि या दोघांच्या भांडणात तडजोड घडवून आणणारा तिसरा पक्ष सांगतो की, दार अर्धे उघडे ठेवावे म्हणजे झाले. माझे नम्र म्हणणे असे आहे की, या तिन्ही पक्षांची चूक एकच आहे. दार किती उघडे आहे एवढ्या एकाच मापाने ते सगळा निवाडा करू पाहतात. दारातून जाऊ पाहणाऱ्या वेगाचे ते दार काय करते, हा खरा प्रश्न त्यांच्यापैकी कोणीच विचारीत नाही.

या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ मी ज्या वस्तूची साक्ष काढणार आहे तिचा धर्मग्रंथांत उल्लेख असणे शक्य नाही. ती वस्तू म्हणजे उघड्या पाठीचा हेडफोन. २४ मे २००८ रोजी बंगळूरचा नवा विमानतळ देवनहळ्ळीच्या शिवारात सुरू झाला, आणि तेव्हापासून ज्या गावाच्या आकाशात विमानांची घरघर नित्याची झाली त्याच गावाच्या वाटेने कान झाकून घेतलेले असंख्य प्रवासी रोज जातात-येतात. हेडफोन ही कानाभोवती बांधलेली एक लहानशी खोली आहे. त्या खोलीला पाठीमागे दार असावे की नसावे, असल्यास ते कसे असावे, या प्रश्नावर ध्वनितंत्रज्ञांनी कित्येक दशके काळजीपूर्वक विचार केला आहे. त्यांना मोक्षाची चिंता नव्हती, केवळ स्वराच्या शुद्धतेची होती. परंतु एका इंद्रियाचे द्वार कसे बांधावे याविषयी त्यांना जे आढळले ते मोजून पाहता येते, आणि मोजून पाहता येणाऱ्या साक्षीला धर्मविचाराने तुच्छ लेखण्याचे कारण नाही.

हेडफोनाच्या आत केसापेक्षाही पातळ असा एक पडदा असतो. त्याला चिकटवलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते, त्याबरोबर पडदा हलतो, आणि त्याने हवेला दिलेल्या धक्क्यांतून आपल्याला गाणे ऐकू येते. येथवरची हकीकत सर्वांना ठाऊक असते. जे सहसा ध्यानात येत नाही ते हे की, पडदा पुढे सरकताना समोरची हवा दाबतो त्याच क्षणी पाठीमागची हवा विरळ करतो. म्हणजे प्रत्येक स्वर दोनदा जन्मतो, एकदा कानाच्या बाजूस आणि एकदा पाठीच्या बाजूस, आणि ही दोन भावंडे एकमेकांच्या नेमकी उलट असतात. त्यांची गाठ पडू दिली तर ती एकमेकांना खाऊन टाकतात, आणि हा नाश खर्जाच्या स्वरांत सर्वांत अधिक होतो. म्हणून समोरची लहर कानाजवळ राखायची आणि मागच्या लहरीची काहीतरी वेगळी वासलात लावायची, हे या यंत्राच्या रचनेतले पहिले कर्तव्य ठरते. मागच्या लहरीचे काय करावे, हाच सगळा प्रश्न. ती कोणाला ऐकायची नसते, ती कोणी मागितलेली नसते. पण ऐकण्याजोगे काही निर्माण करायचे म्हटले की ती निर्माण झाल्यावाचून राहत नाही. माणसाच्या मनातल्या वासनेचे याहून यथार्थ वर्णन मला सुचत नाही. शुद्ध हेतूने केलेल्या कर्मालाही एक पाठ असते, आणि त्या पाठीकडून जे उठते त्याची व्यवस्था लावल्यावाचून कर्म शुद्ध राहत नाही.

सर्वांत सरळ दिसणारी व्यवस्था म्हणजे पाठीमागची वाटी पूर्ण बंद करून टाकणे. १९३७ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीने काढलेला डीटी ४८ हा डायनॅमिक जातीच्या हेडफोनांचा आद्य नमुना या बंद पाठीचाच होता. पण बंद वाटीतली हवा निमूट बसून राहत नाही. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते: पडदा जितका मागे येईल तितकी ती दाबली जाते आणि तितक्याच नेटाने त्याला पुढे ढकलते. त्यामुळे पडद्याच्या मूळच्या ताठरपणात या हवेच्या ताठरपणाची भर पडते, ज्या कंप्रतेवर तो स्वभावतः झुलू इच्छितो ती वर सरकते, आणि खर्ज अडखळतो. याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. उच्च स्वरांच्या लहरी वाटीच्या भिंतींवर आपटून परततात, आणि पडदा इतका पातळ असतो की परतलेली लहर त्याच्यातून पार होऊन कानात शिरते. ऐकणाऱ्याला मग गायकाचा स्वर ऐकू येतो, आणि त्याच्या मागोमाग, काही सहस्रांश सेकंदाच्या आत, त्याच स्वराचे भूत. बंद पाठीचे उत्तम हेडफोन होत नाहीत असे मुळीच नाही. परंतु ते उत्तम होतात ते वाटीत कापूस, लोकर, फोम यांसारखे पदार्थ भरून, म्हणजे भिंतीच्या जोरावर नव्हे, तर भिंतीने केलेले नुकसान भरून काढल्यावर.

१९६८ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरजवळच्या झेनहायझर कंपनीने एचडी ४१४ नावाचा हेडफोन बाजारात आणला. त्याची पाठ उघडी होती, कानावर बसणाऱ्या गाद्या पिवळ्या सच्छिद्र फोमच्या होत्या, आणि वजनाने तो इतका हलका होता की तोवरच्या जड, घट्ट बसणाऱ्या हेडफोनांची सवय झालेल्यांना तो खेळण्यातला वाटावा. उघड्या जातीचा हा पहिला हेडफोन. त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या, आणि त्याच घराण्यातून पुढे १९९७ मध्ये एचडी ६०० व २००३ मध्ये एचडी ६५० असे नमुने निघाले, ज्यांना रसिक आजही प्रमाण मानतात. उघड्या पाठीने मागच्या लहरीला बाहेर जाण्याची मुभा दिली. तिचे भिंतीवरून परतणे थांबले. आणि ऐकणाऱ्यांनी एकमुखाने सांगितले की, गाणे डोक्याच्या आत कोंडल्यासारखे न वाटता भोवतालच्या मोकळ्या जागेत चालल्यासारखे वाटते.

येथे मोकळ्या वाटेचा कैवार घेणारा पक्ष म्हणेल की, पाहा, आमचेच म्हणणे सिद्ध झाले. दार काढून टाकले आणि स्वर सुधारला. पण असा हेडफोन उकलून आत डोकावले की हा आनंद टिकत नाही. बाहेरची जाळी दिसते तेवढी मोकळी असली, तरी तिच्या आत, अगदी पडद्याच्या पाठीशी, दुसरीच व्यवस्था नांदत असते. पडदा आणि चुंबक यांच्यामध्ये हवेचा एक चिंचोळा कप्पा असतो. त्या कप्प्यातून बाहेर पडण्यासाठी चौकटीला भोके ठेवलेली असतात, कित्येकदा चुंबकाच्या मध्यातूनही एक आरपार छिद्र असते. आणि यांतल्या बहुतेक भोकांवर फेल्टची चकती, विशिष्ट जातीचा कागद, न विणलेल्या कापडाचा तुकडा किंवा डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या छिद्रांची जाळी काटेकोरपणे चिकटवलेली असते. हा कागद सोलून काढा, म्हणजे हेडफोन खऱ्या अर्थाने उघडा होईल. आणि त्याच क्षणी तो बिघडेल. कारण प्रत्येक पडद्याची एक आवडती कंप्रता असते, अनेक हेडफोनांत ती शंभर हर्ट्झच्या आसपास पडते, आणि त्या कंप्रतेचा स्वर आला की पडदा हुकमापेक्षा जास्त झुलतो आणि हुकूम संपल्यावरही झुलतच राहतो. तबल्याच्या बायाचा घुमारा मग बायापुरता राहत नाही, पुढच्या मात्रेवर सांडतो. निर्बंध मोकळीक पडद्याला स्वतंत्र करीत नाही. त्याच्या एका जुन्या खोडीच्या ताब्यात देते.

म्हणून अवमंदन लागते, आणि अवमंदन म्हणजे काय हे नीट समजून घेतले तर माझा सगळा मुद्दा त्यातच आलेला दिसेल. वाहत्या हवेला तीन प्रकारांनी विरोध होऊ शकतो. पहिला विरोध कोंडलेल्या हवेच्या स्थितिस्थापकतेचा. तो घेतलेला जोर साठवतो आणि परत करतो. दुसरा विरोध जडत्वाचा: मोठ्या भोकातली हवा एखाद्या गोळ्यासारखी पुढे-मागे हलते, सुरू व्हायला वेळ घेते आणि थांबायलाही वेळ घेते, ती वेगाच्या रूपाने जोर साठवते आणि तोही परत करते. तिसरा विरोध, म्हणजेच अवमंदन, मात्र या दोहोंहून जातीनेच निराळा आहे. अत्यंत बारीक रंध्रांतून हवा जाऊ लागली की रंध्राच्या भिंतींशी तिचे घर्षण होते, हवेच्या अंगच्या श्यानतेमुळे तिची गती झिजते, आणि झिजलेला जोर किंचितशा उष्णतेच्या रूपाने कायमचा निघून जातो. हा विरोध काहीच साठवीत नाही, म्हणून काहीच परत करीत नाही. पहिले दोन विरोध म्हणजे ठेव ठेवून घेऊन सव्याज परत करणारी पेढी. तिसरा म्हणजे वेशीवरचा जकातीचा नाका, जो कोणाचीही वाट अडवीत नाही, पण वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाकडून ठरलेली जकात घेतल्यावाचून त्याला सोडीत नाही.

रंध्रे बारीक का असावी लागतात, याचे गणित एकोणिसाव्या शतकातल्या पॉइझे नावाच्या फ्रेंच वैद्याच्या कामातून हाती आले. रक्त सूक्ष्म वाहिन्यांतून कसे वाहते याचा अभ्यास करताना त्याला आढळले की, नळीची त्रिज्या निम्मी केली की प्रवाहाला होणारा रोध दुप्पट किंवा चौपट नव्हे, तर सोळापट होतो. यावरून असे निघते की, एका भोकाच्या जागी निम्म्या त्रिज्येची चार भोके पाडली, तर उघडी जागा तेवढीच राहते, परंतु एकूण रोध चौपट होतो. दार तेवढेच उघडे. दाराचे वागणे मात्र साफ बदललेले. दार अर्धे उघडे ठेवा असे सांगणाऱ्या मध्यस्थाला जे कळले नाही ते हेच. संयम हा मोकळीक आणि बंदी यांच्यामधल्या रेषेवरचा कोणताही बिंदू नाही. तो त्या रेषेवर नाहीच. उघडेपणा तसाच ठेवून त्याची जात बदलणे म्हणजे संयम.

आता या प्रकाशात गीतेकडे पुन्हा वळावे. कासवाच्या दृष्टान्ताच्या लगेच पुढे गीता एक इशारा देते, आणि निग्रहाचे कैवारी तो बहुधा घाईने ओलांडून जातात: जो विषयांचा आहार तोडतो त्याच्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे राहते. तिसऱ्या अध्यायात तर भाषा अधिक कठोर आहे. कर्मेंद्रिये आवरून धरायची आणि मनाने विषयांचे चिंतन करीत बसायचे, अशा माणसाला गीता मिथ्याचारी म्हणते. दार बंद केल्यावर आत काय घडते याचे हे अचूक वर्णन आहे. कोंडलेली वासना स्प्रिंग बनते. जितकी दाबावी तितकी ती जोराने परत ढकलते. आणि भिंतीवर आपटून परतलेली तिची लहर मनाच्या पातळ पडद्यातून पार होऊन, ज्या शुद्ध स्वरासाठी एवढा खटाटोप मांडला त्याच स्वरात मिसळते. कठोर ब्रह्मचर्याचा उपदेश करणाऱ्यांच्या बोलण्यात कामविषयाचा जो अखंड अनुनाद ऐकू येतो, निर्धनतेचे व्रत घेतलेल्यांच्या काही मठांत द्रव्याविषयी जी जागरूकता आढळते, तिचे मूळ दुष्टपणात शोधण्याची गरज नाही. त्यांनी साठवणारा विरोध निवडला, आणि साठवलेले परत आले.

लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१० च्या हिवाळ्यात लिहायला घेतलेला आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला गीतारहस्य हा ग्रंथ याच प्रश्नाशी झुंजलेला आहे. इंद्रियांना ठार मारणे हे गीतेला मान्य नाही, त्यांना ताब्यात ठेवून लोकसंग्रहार्थ कर्म करीत राहणे हेच तिचे तात्पर्य आहे, असा त्यांचा सिद्धान्त. आणि संन्यासपर भाष्यांच्या दीर्घ परंपरेसमोर तो मांडायला जे धैर्य लागले ते त्यांच्यापाशी होते. त्यात मी एवढीच भर घालू इच्छितो की, ताब्यात ठेवणे ही क्रिया कशी घडते याचाही विचार व्हावा. आपण ताबा म्हटले की लगाम, साखळी, कुलूप अशी चित्रे मनात आणतो, आणि ती सगळी साठवणाऱ्या विरोधाची चित्रे आहेत. वासना कर्मातून बाहेर जात असतानाच झिजावी, अशी रचना कर्मातच करून ठेवणे, हा ताब्याचा दुसरा आणि माझ्या मते खरा प्रकार आहे.

अशी रचना कोणी प्रत्यक्षात केली आहे काय? महाराष्ट्राने केली आहे, आणि तिचे नाव वारकरी पंथ. या पंथाच्या उगमापाशीच एक अर्थपूर्ण कथा आहे. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत यांनी काशीस जाऊन संन्यास घेतला होता. गुरूंच्या आज्ञेने ते आळंदीस परत आले आणि पुन्हा संसारी झाले. आणि या परतण्याची जबर किंमत त्यांना व त्यांच्या मुलांना समाजाने मोजायला लावली, असे परंपरा सांगते. बंद केलेले दार उघडून बाहेर आलेल्या पित्याच्या पोटी ज्याने भागवत धर्माचा पाया घातला तो पुत्र जन्मला. आणि त्या धर्माने माणसाकडे मागितले ते काय? घर सोडा असे नाही, धंदा सोडा असेही नाही. गोरोबांनी मडकी घडवली, सावतोबांनी मळा राखला, सेना महाराजांनी हजामती केल्या, जनाबाईंनी दळणकांडण केले. मागितले ते इतकेच की गळ्यात तुळशीची माळ घालावी, मद्यमांस वर्ज्य करावे, एकादशी पाळावी, हरिपाठ म्हणावा, आणि वर्षाकाठी पंढरीची वारी करावी. एकाच प्रचंड प्रतिज्ञेच्या जागी अनेक लहान लहान नियम: रोजचा एक, पंधरवड्याचा एक, वर्षाचा एक. पॉइझेचे गणित येथे मला अक्षरशः खरे झालेले दिसते. संसाराची पाठ उघडी ती उघडीच राहिली. पण तिच्यावर बारीक रंध्रांचे असे एक आवरण आले, की भूक, अहंकार, धंद्यातला लोभ, जातीचा ताठा ही सर्व त्यातून जाताना थोडी थोडी झिजली. एकदाच घेतलेल्या मोठ्या व्रतात जडत्व असते. ते धारण करताना मोठी उसळी लागते, आणि ते मोडले की माणूस तितक्याच वेगाने उलट दिशेला जातो. दर पंधरा दिवसांनी येणाऱ्या एकादशीत हे जडत्व नाही. ती चुकली तर पुढची एकादशी वाट पाहत असते. कर्नाटकात पुरंदरदासांनी आणि त्यांच्या सहचर हरिदासांनी त्याच विठ्ठलाच्या नावाने हीच वाट चालवली, आणि कृष्णेच्या दोन्ही तीरांवरच्या साध्या माणसांना ती झेपली, याचे कारण तिच्या या बांधणीत आहे असे मला वाटते.

उघड्या पाठीचा आणखी एक धर्म येथे विचारात घेतला पाहिजे. दोन्ही कान बोटांनी घट्ट बुजवून बोलून पाहावे: आपला स्वतःचा आवाज एकदम भारदस्त आणि मोठा ऐकू येतो; चालताना स्वतःची पावले, खाताना स्वतःचे चावणे कानांत दणाणते. हाडांतून आलेले कंप एरवी कानाच्या तोंडाने बाहेर निसटतात. तोंड बंद झाले की ते आतच वाढतात. म्हणूनच श्रवणयंत्राच्या साच्यात हवेसाठी बारीक छिद्र ठेवण्याची पद्धत आहे. जगाला बंद केल्याने आत शांतता होते हा समज अर्धाच खरा आहे. जग हळू होते, आणि आपण स्वतः मोठे होतो. एकांतात बसलेल्या साधकाला गर्व का गाठतो, आणि जे पंथ बाहेरच्या कोणाचे काही ऐकून घेत नाहीत त्यांना आपलाच घोष ब्रह्मांडाचा घोष का वाटू लागतो, याचा उलगडा यातून होतो. उघड्या पाठीचा हेडफोन लावून बसलेल्याला दारावरची थाप ऐकू येते, मुलाचे रडणे ऐकू येते. उलट त्याचे गाणेही शेजाऱ्याला ऐकू जाते, म्हणून शेजाऱ्याचा विचार करूनच त्याला ते लावावे लागते. धर्माचरणाला हे दोन्ही बांध असावेत: बाहेरची हाक आत यावी, आणि आतला नाद बाहेर कोणाला उपद्रव देत नाही ना याची जाण राहावी.

याचा अर्थ बंद दाराला कोठेच स्थान नाही असा मात्र होत नाही. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गायिका मायक्रोफोनसमोर उभी असते तेव्हा तिच्या कानांवर बंद पाठीचाच हेडफोन असावा लागतो, कारण साथीचा आवाज बाहेर झिरपला तर तो मायक्रोफोनात शिरून मुद्रण बिघडवतो. ते कार्यच तसे आहे. त्याचप्रमाणे काही काळ, काही कार्यासाठी, क्वचित एखाद्या असामान्य प्रकृतीच्या माणसाला जन्मभरही, पूर्ण निवृत्ती योग्य ठरेल. तिचा मी अनादर करीत नाही. तिला सर्वांसाठी प्रमाण मानणे आणि ती जमत नाही म्हणून सामान्य माणसाने स्वतःला पतित समजणे, एवढ्यालाच माझा विरोध आहे. गोंगाटाचा सामना करण्याचा आणखी एक मार्ग विमानप्रवासातूनच निघाला. बंगाली पित्याचे पुत्र आणि अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक अमर बोस १९७८ मध्ये झुरिचहून बोस्टनला जात असता विमानाच्या घरघरीने हेडफोनातले संगीत झाकोळले गेल्याचे त्यांना जाणवले, आणि बाहेरच्या लहरीच्या नेमकी उलट लहर आत निर्माण करून ती शमवण्याची कल्पना त्यांनी त्याच प्रवासात कागदावर उतरवली. योगसूत्रांत सांगितलेली प्रतिपक्षभावना, म्हणजे हिंसक विचार उठताच त्याच्या विरुद्ध विचाराचे चिंतन करणे, हा याच जातीचा उपाय आहे. तो गुणकारी आहे, पण त्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी: हे तंत्र सतत चालणाऱ्या मंद घरघरीवर उत्तम चालते, अवचित येणाऱ्या तीक्ष्ण आवाजापुढे ते मागे पडते. प्रतिपक्षभावनेलाही शत्रूची चाल आधी ओळखता यावी लागते. रंध्रांच्या आवरणाला कोणालाही ओळखावे लागत नाही. जो येईल त्याची जकात ते घेतेच.

राहता राहिला मापाचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. फेल्ट जाड झाले की पडद्याचा प्राण जातो, खर्ज सुकतो, स्वरावर अवकळा येते. ते पातळ पडले की घुमारा सुटतो. योग्य जाडी कोणत्याही पुस्तकात सर्वांसाठी एक म्हणून दिलेली नाही, कारण ती त्या त्या पडद्याच्या वजनावर, ताठरपणावर, मागच्या कप्प्याच्या आकारावर अवलंबून असते. रचनाकार कागद चिकटवतो, मोजतो, ऐकतो, काढतो, पुन्हा दुसरा चिकटवतो. एकाचा नियम दुसऱ्यावर लादण्यात धर्मगुरूंनी जी शक्ती खर्च केली ती या परीक्षेसाठी खर्च झाली असती तर अधिक माणसे शहाणी झाली असती. मात्र एक गोष्ट सर्वांना समान लागू आहे. उघडेपणा पाठीकडचा आहे, कानाकडचा नाही. समोरची गादी कानाभोवती नीट बसली नाही, तर समोरची लहर निसटून मागच्या लहरीला मिळते आणि खर्ज नाहीसा होतो. ज्याच्यासाठी ऐकायचे त्याच्याशी असलेला संबंध सैल ठेवून केवळ जगाकडे उघडे राहणे, याला उदारता म्हणता येणार नाही. वारकऱ्याची निष्ठा विठ्ठलाशी घट्ट बसलेली असते, म्हणूनच त्याची पाठ जगाकडे उघडी राहू शकते.

तेव्हा एखादे व्रत, एखादा नियम, एखादा निषेध आपल्यापुढे आला तर तो कडक आहे की सौम्य, प्राचीन आहे की नवीन, एवढे विचारून थांबू नये. त्याने अडवलेला वेग पुढे कोठे जातो हे पाहावे. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी जिभेची हाव दुणावत असेल, मौन सुटल्यावर बोलण्यात विखार येत असेल, दान केल्यावर मानाची भूक वाढत असेल, तर तो नियम साठवतो आहे आणि व्याजासकट परत करतो आहे असे समजावे. त्याला अधिक कडक करून उपयोग नाही, त्याची जात बदलली पाहिजे, त्याचे लहान आणि वारंवार येणारे तुकडे केले पाहिजेत, आणि त्याला रोजच्या कामाच्या अंगात बसवले पाहिजे. ज्या नियमातून विकार परत येतो तो कितीही कठोर असला तरी कच्चा. ज्यातून तो जाता जाता झिजतो तो कितीही मवाळ दिसला तरी पक्का. आपल्या मुलांना निग्रह शिकवताना आपण त्यांच्या हाती कुलूप देतो. त्याऐवजी हा पारख करण्याचा प्रश्न त्यांना दिला, तर आपल्याहून बरे धर्माचरण त्यांच्या हातून घडेल, अशी माझी श्रद्धा आहे.